चार डॉक्टर, चार चिठ्ठ्या आणि उपदेश एकट्या रुग्णाला

अफूवर्गीय वेदनाशामक औषधे जबाबदारीने वापरावीत. एकाहून अधिक डॉक्टरांचे उपचार चालू असतील तर प्रत्येकाला दुसऱ्याच्या औषधांची माहिती द्यावी. शक्यतो एकाच डॉक्टरकडून आणि एकाच दुकानातून ती घ्यावीत, असा उपदेश रुग्णांना वारंवार केला जातो. उपदेश बरोबर आहे. त्यातील एकही वाक्य वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर खोटे ठरविता येणार नाही. तरीही नांदेड वा लातूर जिल्ह्यातील एखाद्या शेतमजुराच्या दारात उभे राहून तो उच्चारला, की उपदेशाचा उपहास होतो. एकाच डॉक्टरकडे जा असे ज्याला सांगायचे, त्याला पुरा असा एक डॉक्टर आयुष्यात कधी मिळालेलाच नसतो. अर्धे, पाव असे चार मिळालेले असतात.

मुखेड किंवा औसा तालुक्यातील, तोंडाच्या कर्करोगाने ग्रासलेला एक शेतमजूर उदाहरणादाखल डोळ्यांपुढे आणावा. पहिले काही महिने तो गावातील डॉक्टरकडे सुई घेतो आणि ठणका थांबविणाऱ्या गोळ्या नेतो. गाठ वाढली की तालुक्याच्या रुग्णालयात, तेथून नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाही तर लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत त्याला पाठविले जाते. पुढे बार्शीचे कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, हैदराबाद किंवा परळचे टाटा स्मारक रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी नवा केस पेपर, नवी चिठ्ठी, नव्या गोळ्या. या प्रवासाला ‘अनेक डॉक्टरांकडे फिरण्याची सवय’ असे नाव देणाऱ्यांनी एकदा मुखेड ते मुंबई हा प्रवास दुखऱ्या जबड्यासह करून पाहावा.

ऊसतोड कामगारांची कथा याहून निराळी नाही. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन निघालेले कोयते पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात सहा-सहा महिने राहतात. पाठीचा मणका दुखावला तरी खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. म्हणून फडाजवळच्या बाजारगावात जो डॉक्टर भेटेल त्याच्याकडून चटकन गुण देणारे औषध घेऊन माणूस पुन्हा मोळी उचलतो. गावी परतल्यावर डॉक्टर दुसरा, दुकान दुसरे. येथे औषध रोग बरा करण्यासाठी दिले जात नाही. उद्याची हजेरी लागावी म्हणून दिले जाते. या व्यवहाराची जबाबदारी कोणाची, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. केवळ आरोग्यशिक्षणाचा नव्हे.

एका गोळीचे गणित

धोका काल्पनिक नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, ट्रॅमॅडॉल, टॅपेंटाडॉल ही सारी एकाच कुळातील औषधे. त्यांची नावे निराळी असली तरी शरीरात त्यांच्या परिणामांची बेरीज होते. मात्रा वाढली की गुंगी येते, बाहुल्या बारीक होतात, श्वास मंदावतो आणि शेवटी थांबतो. तालुक्याच्या डॉक्टरने दिलेली ट्रॅमॅडॉल आणि शहरातील शल्यचिकित्सकाने दुसऱ्याच व्यापारी नावाने लिहिलेली ट्रॅमॅडॉल या दोन्ही गोळ्या रुग्ण दोन निराळी औषधे समजून घेतो, तेव्हा त्याने मात्रा दुप्पट केलेली असते. ट्रॅमॅडॉलच्या अशा अतिमात्रेने झटकेही येतात. बहुतेक वेळा त्या गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते; त्याचीही मात्रा दुप्पट होऊन यकृतावर घाला पडतो.

त्यातच झोप लागत नाही म्हणून तिसऱ्या डॉक्टरने अल्प्राझोलॅम दिलेली असते, नसांच्या दुखण्यासाठी चौथ्याने प्रीगॅबालिन. ही दोन्ही औषधे अफूवर्गीय औषधांबरोबर श्वसनावरचा भार वाढवितात. त्यावर संध्याकाळी दारू पोटात गेली, तर सकाळी न उठणाऱ्या माणसाच्या मृत्यूची नोंद घरचे ‘झोपेतच गेला’ एवढीच करतात. मूत्रपिंड अधू असेल तर मॉर्फिनचे अवशेष शरीरात साचत जातात. त्याची मात्रा कमी करावी लागते, आणि त्यासाठी डॉक्टरला ते अधूपण आधी ठाऊक असावे लागते. उलट, कित्येक आठवडे चाललेली गोळी दुकानात मिळाली नाही म्हणून एकाएकी बंद झाली, तर घाम, जुलाब, अंगदुखी, तळमळ सुरू होते. घरचे समजतात की रोग बळावला, आणि पाचव्या डॉक्टरचा शोध सुरू होतो.

हे गणित सोडविण्यासाठी आवश्यक ती माहिती एकाच जागी कोठे असते? रुग्णाच्या पिशवीत. प्लास्टिकच्या त्या पिशवीत चुरगाळलेल्या चिठ्ठ्या, कापलेली पाकिटे आणि क्ष-किरण चित्रे एकत्र कोंबलेली असतात. जे काम एका सार्वजनिक यंत्रणेने करावयाचे, ते सही करणेही जड जाणाऱ्या माणसाने इंग्रजी चिठ्ठ्या वाचून करावे, अशी अपेक्षा बाळगायची आणि तो चुकला की त्याला बेजबाबदार म्हणायचे, हा न्याय कोठला?

राज्यकर्त्यांकडे उत्तर तयार असते. ते म्हणतील, नोंदवही सक्तीची आहे. ती आहे. मार्च 2014 पासून अमलात आलेल्या ‘अनुसूची एच-1’ नुसार ट्रॅमॅडॉल, कोडीन, अल्प्राझोलॅम यांसारखी औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. परंतु ही वही त्या एका दुकानापुरती. शेजारच्या दुकानातील वहीत काय लिहिले आहे, हे ना दुकानदाराला कळते, ना चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला. निरीक्षकाने तपासण्यासाठी ठेवलेली ही वही रुग्णाच्या रक्षणासाठी कधी उघडलीच जात नाही.

व्यापारी नावांच्या गोंधळावरील उपायही पन्नास वर्षांपूर्वी सांगून झाला आहे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1975 च्या अहवालात औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून मूळ नावे रूढ करावीत, अशी शिफारस केली होती. औषध कंपन्यांनी ती हाणून पाडली. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळ नावानेच औषध लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक करणारे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले. मूळ नावाने लिहिलेल्या स्वस्त औषधाच्या दर्जाची हमी कोण देणार, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण ती हमी देणारी तपासणी-यंत्रणा उभारण्याऐवजी नियमच गुंडाळून ठेवला गेला. एकच गोळी दोन नावांनी पोटात जाण्याचा मार्ग अशा रीतीने सरकारनेच मोकळा ठेवला आहे.

भीतीचा कायदा आणि ढिलाईचा बाजार

आता चित्राची दुसरी बाजू. भारत हा जगाला औषधी अफू पुरविणारा देश. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. आणि याच देशात, ‘लॅन्सेट’च्या आयोगाने 2017 साली मांडलेल्या हिशोबानुसार, वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अफूवर्गीय औषधांच्या गरजेपैकी अवघी 4 टक्के गरज भागते. शेतात पिकते, कारखान्यात तयार होते, आणि कर्करोगाचा रुग्ण मात्र रात्रभर उशी चावत राहतो.

हे आपोआप घडले नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने किमान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची टांगती तलवार आणि परवान्यांची न संपणारी माळ रुग्णालयांच्या गळ्यात घातली. परिणामी पुढील बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर 90 टक्क्यांहून अधिक घटला. तस्करीचे जाळे त्यामुळे तुटले नाही. तुटला तो रुग्णाचा आधार. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, तेव्हा 2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेल, अशी तरतूद झाली.

अडथळा कायद्यातून निघाला. पण मान्यतेसाठी अर्ज करावयाचा, डॉक्टरला प्रशिक्षणास पाठवावयाचे, साठा ठेवावयाचा, याला इच्छाशक्ती लागते, माणसे लागतात. ज्या विष्णुपुरीच्या रुग्णालयात ऑक्टोबर 2023 च्या आरंभी 48 तासांत 31 रुग्ण दगावले आणि त्यांत 16 बालके होती, तेथे औषधांचा तुटवडा होता की नव्हता यावर आरोप-प्रत्यारोप झडले. अनेक रुग्ण अन्य रुग्णालयांतून अखेरच्या अवस्थेत पाठविले गेले होते, असे प्रशासनाने सांगितले. हे म्हणणे जसेच्या तसे मान्य केले, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष सरकारला सोयीचा नाही. रुग्ण एका दारातून दुसऱ्या दारात ढकलला जातो आणि शेवटच्या दारात पोहोचेपर्यंत त्याचा मागील इतिहास हरवलेला असतो, याचीच ती कबुली होती.

एकीकडे मॉर्फिन दुर्मिळ. दुसरीकडे, बाजारात जे सहज विकले जाते त्याला धरबंध नाही. ट्रॅमॅडॉल अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले गेले ते एप्रिल 2018 मध्ये. तोवर त्याच्या व्यापाराचे पीक भरघोस आले होते. फेब्रुवारी 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे 1 टक्का लोक औषधी स्वरूपातील अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करतात, असे आढळले. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीच्या पत्रकारांनी उघडकीस आणले, की मुंबईतील एक औषध कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मान्यता नसलेल्या मिश्रणाच्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवीत होती, आणि तेथील तरुण त्या रस्त्यावर नशेसाठी घेत होते. बोभाटा झाल्यावर केंद्रीय यंत्रणा हलली. मुखेडच्या रुग्णापर्यंत मॉर्फिनची एक पट्टी पोहोचविणे ज्या राज्याला साधत नाही, तेथून हजारो मैल दूर गोळ्यांची खोकी मात्र बिनबोभाट पोहोचत होती. नफा असेल तर रस्ता सापडतो. वेदनाशमनात नफा नाही, कारण तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन हे स्वस्त औषध आहे.

अमेरिकेचा धडाही येथे आठवावा. पर्ड्यू फार्मा या कंपनीने 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि त्याच्या व्यसनाचा धोका झाकून डॉक्टरांच्या गळी उतरविले. मृत्यू वाढू लागले, तेव्हा दोष औषधाचा नाही, गैरवापर करणाऱ्यांचा आहे, असा पवित्रा कंपनीच्या धुरीणांनी घेतला. पुढे 2007 आणि 2020 अशा दोन वेळा त्याच कंपनीला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. ‘रुग्ण बेजबाबदार आहे’ ही भाषा कोणाच्या हिताची असते, हे एवढ्यावरून उमगावे.

महाराष्ट्राचा जुना अनुभव

दूर कशाला जावयाचे? शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया कामावर निघताना तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळगोळी’ देत. मूल दिवसभर निपचित पडे. सुशिक्षित समाजाने या मातांना अज्ञानी ठरवून उपदेश केला. वास्तविक त्या मातांजवळ मुलाला सांभाळणारे कोणी नव्हते, बाळंतपणाची रजा नव्हती, पाळणाघर नव्हते. अफूची गोळी हे त्यांचे पाळणाघर होते. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, 1929 मध्ये कायदा झाला, आणि 1948 च्या कारखाने कायद्याने मोठ्या संख्येने स्त्रिया असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. आईला शहाणपण शिकविण्याने नव्हे, आईचे ओझे समाजाने उचलण्याने अफू मागे हटू शकते, हे त्या काळी ज्यांना समजले त्यांनीच कायदा करून घेतला.

चार चिठ्ठ्यांचे ओझेही तसेच समाजाने उचलावयाचे आहे. आरोग्यविम्याची योजना हे त्याचे उत्तर नव्हे. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. तिने अनेकांच्या शस्त्रक्रिया झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यासाठी आहे. टाके निघाल्यावर घरी परतलेल्या माणसाने पुढील आठ महिने वेदना कशी सोसावी, कोणी त्याची मात्रा ठरवावी, याला त्या योजनेत जागा नाही. दूरध्वनीवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरला 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही औषधे लिहिता येत नाहीत. म्हणजे पट्टी संपली की पुन्हा एस.टी., पुन्हा रांग, नाही तर जवळच्या मेडिकलमधून मिळेल ती गोळी.

चळवळीतील एक गैरसमज

येथे कार्यकर्त्यांनाही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. व्यसनमुक्तीच्या कार्याने महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीचे मन घडविले आहे; त्याचा अभिमान रास्तच. परंतु त्या संस्कारामुळे मॉर्फिनचे नाव निघताच अनेक कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. कर्करोगाच्या रुग्णाने वेळेवर, ठरलेल्या मात्रेत मॉर्फिन घेणे हे व्यसन नव्हे. शरीराला औषधाची सवय होणे आणि औषधाच्या हव्यासापायी माणसाचे जगणे मोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेदना शमली नाही म्हणून जो अधिक औषध मागतो, तो बहुधा व्यसनी नसून अपुऱ्या उपचाराचा बळी असतो. अशा माणसाला ‘सोस थोडे’ म्हणणे हा त्याग नव्हे. त्यागाचा उपदेश दुसऱ्याला करणे आहे.

आणि ज्याला खरोखरच व्यसन जडले, तोही गुन्हेगार नव्हे. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला, लहान प्रमाणातील गुन्ह्यांपुरते, खटल्यापासून संरक्षण देणारे 64-अ हे कलम कायद्यात आहे. पोलीस ठाण्यात ते किती जणांना ठाऊक असते, याची चौकशी तालुक्या-तालुक्यात व्हावी.

काय मागावे, काय करावे

मागण्या मोजक्या आणि नेमक्या असाव्यात. नांदेड आणि लातूर येथील वैद्यकीय महाविद्यालयांबरोबरच दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला अत्यावश्यक अफूवर्गीय औषधांसाठी मान्यता, प्रशिक्षित डॉक्टर आणि अखंड साठा मिळाला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात नॅलॉक्सोन हे उताऱ्याचे औषध असले पाहिजे. अतिमात्रेने थांबू लागलेला श्वास ते परत आणू शकते. केरळने 2008 साली वेदनाशमन व परिहार-सेवेचे धोरण स्वीकारून घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांची आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची सांगड घातली. तशी सांगड येथे जिल्हा परिषदांनी घालावी.

यांपैकी सर्वांत स्वस्त मागणी म्हणजे वेदना-पुस्तिका. गरोदर स्त्रीला माता-बाल कार्ड मिळते, क्षयरोग्याला उपचारपत्रिका मिळते. तशीच दीर्घ वेदनेच्या रुग्णाला मराठीत छापलेली एक वही मिळावी. शासकीय असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरने आधीची पाने वाचून, औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि दिवस सुवाच्य अक्षरात तीत लिहिल्याखेरीज अफूवर्गीय औषध द्यावयाचे नाही. दुकानदाराने दिलेल्या गोळ्यांची संख्या तीतच नोंदवावयाची. संगणकावरील आरोग्य-ओळखक्रमांकाचा सरकारी डांगोरा 2021 पासून पिटला जात आहे. तो सफल होईल तेव्हा होवो. परंतु त्यातील नोंदी पोलिसांच्या हाती पडणार नाहीत, याची हमी आधी हवी. वही रुग्णाच्या हातात राहते, हा तिचा मोठा गुण.

या मागण्या मान्य होईपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही. म्हणून कार्यकर्त्याने आजच हाती घ्यावयाचे काम साधे आहे. वस्तीतील रुग्णाच्या घरी बसून पिशवीतील सर्व पाकिटे बाहेर काढावीत, मूळ नावे एका कागदावर उतरवावीत आणि तो कागद घेऊन रुग्णाबरोबर डॉक्टरकडे जावे. या साऱ्यांतून कोणत्या गोळ्या चालू ठेवायच्या, कोणत्या कशा कमी करायच्या, हे एका डॉक्टरने ठरवावे. कार्यकर्त्याने स्वतः ठरवू नये आणि कोणतेही औषध एकाएकी बंद करू नये. दारू व झोपेच्या गोळ्या यांचा धोका घरच्यांना समजावून सांगावा. रुग्णाला हलवून जाग येत नसेल, श्वास अडखळत असेल, तर गाडी मिळेपर्यंत वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतेच. त्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. गोळ्या मुलांच्या हाताबाहेर, कुलपात असाव्यात आणि उरलेल्या कोणाच्याही पाठदुखीसाठी वाटू नयेत. जबाबदार वापर तो हाच. एकट्या रुग्णाला तो झेपत नाही. सोबत कोणी असले तर झेपतो.

लातूरला पाणी नव्हते, तेव्हा 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. तहान दिसते, हंड्यांच्या रांगा दिसतात, त्यांची छायाचित्रे निघतात. म्हणून सरकार हलते. वेदना घराच्या आतल्या खोलीत पडून असते, तिची रांग लागत नाही. ती रांग दृष्टीस आणणे हेच चळवळीचे काम. दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना प्रत्येक तालुका शाखेने एकच लेखी प्रश्न विचारावा: या जिल्ह्यात मॉर्फिन कोणत्या रुग्णालयात, कोणत्या वारी, कोणत्या डॉक्टरकडे मिळते, याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर केव्हा लागणार? उत्तर आले तर रुग्णांना पत्ता मिळेल. न आले तर जबाबदारी कोणी टाळली, हे त्याच फलकावर लिहिता येईल.